डाव्या हाताची भिंत

लातूरला औसा रोडच्या मागच्या गल्लीत सिद्धराम सरांचे क्लासेस होते. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगमध्ये आपटलेली पोरं तिथं यायची आणि त्यांना कहकशां मॅडम शिकवायच्या. मुनीब मिस्त्रींची ही एकुलती एक लेक. आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स केलेली, अंगानं बारीक, बोलणं हळू. पण खडू हातात घेतला की मागच्या बाकावरचा मोबाइलही खिशात जायचा. साबणाची वडी ती सुरीनं तिरपी कापायची, कापलेली बाजू शाईत बुडवून कागदावर दाबायची आणि म्हणायची, "हा झाला सेक्शन. आता वडी न कापता हाच ठसा काढून दाखवा." पोरं डोळे मिटून बसायची आणि मनातल्या मनात वडी कापायची. एखाद्याला ते जमून जायचं. मग त्याचा चेहरा असा काही उजळायचा, की कहकशांचा दिवस चांगला जायचा.

तिची एक खोड साऱ्या क्लासला ठाऊक होती. वर्गाचं दार ती कधी लावू देत नसे. बाहेर वरातीचा बँड वाजो, नाहीतर मे महिन्याची झळ आत येवो, दार उघडं. शिकवायचीही दाराला धरूनच. फळ्याच्या पलीकडच्या टोकाला काही काढायचं झालं तर पोरांपैकी कुणाला तरी उठवायची. नवीन पोरं हसायची. जुनी त्यांना सांगायची, "किल्लारीकडच्या हायत त्या." लातुरात तेवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही.

कहकशां तेव्हा अकरा वर्षांची होती. गणपती बुडवून दमलेलं गाव गाढ झोपलं होतं. मुनीब मिस्त्री सुतार. मोठं काम निघालं म्हणून औशाच्या सॉ मिलवर मुक्कामी होते. घरात ती आणि अम्मी दोघीच. घर तिकडच्या सगळ्या घरांसारखं. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर माळवद. लाकडाच्या छतावर मातीचा जाड थर थापायचा आणि दर पावसाळ्याच्या आधी त्यावर आणखी एक. उन्हाळ्यात घर गार राहायचं म्हणून सगळे माळवदाचं कौतुक करायचे. पहाटे जमीन हलली आणि पिढ्यान् पिढ्या वर चढवलेली ती सगळी माती खाली आली.

त्यानंतरचं तिला जे आठवत होतं ते असं. आधी नुसता काळोख आणि तोंडात माती. मग डोक्यामागून कुठूनतरी उजेडाची एक चीर आली. त्या उजेडात तोंडाच्या बरोबर वर, हात पोचेल इतक्या जवळ, एक तिरपी पडलेली तुळई दिसली आणि तिच्याखाली खांबाचं टोक. त्यावर अब्बांनी कोरलेला वेल. आणि डाव्या हाताच्या भिंतीतून आवाज. ठक ठक. थांबून पुन्हा, ठक ठक.

तिनंही हाताला लागलेला दगड भिंतीवर मारला. वरून भस्सकन धूळ पडली, डोळ्यांत गेली, तुळई करकरली. पलीकडून परत ठक ठक आलं. तिनं परत मारला, परत धूळ पडली, आता जास्त. मग तिनं दगड सोडून दिला. पलीकडचा आवाज नंतरही येत राहिला, हाक मारल्यासारखा. ती श्वास कोंडून गप्प पडून राहिली. पुढं कधीतरी तो आवाजही थांबला.

औशाहून धावत आलेल्या अब्बांनी आणि गावच्या माणसांनी तिला बाहेर काढलं. अम्मी दुसऱ्या दिवशी सापडली, चुलीच्या खोलीत. आणि कहकशांच्या मनात हिशेब पक्का बसला. रोज ती खोलीच्या आतल्या अंगाला डोकं आणि दाराकडं पाय करून निजायची. तसं उताणं पडलं की डाव्या हाताला चुलीची खोली. म्हणजे ठोकत होती ती अम्मी. अम्मी हाक मारत होती आणि आपण भिऊन उत्तर दिलं नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. अब्बांना तर नाहीच. अब्बा तिला घेऊन लातूरला आले, फर्निचरच्या कारखान्यात लागले, आणि बापलेकींनी त्या घराचं नाव काढणंच सोडून दिलं.

तिला तारलं ते ड्रॉइंगनं. आयटीआयला महादेवप्पा सर होते. त्यांनी पुठ्ठा काटकोनात दुमडून टेबलावर उभा केला आणि वस्तूची सावली पाडावी तशी तिची रेषारेषांची रूपं त्यावर पाडायला शिकवलं. वरून पाहिलं की प्लॅन, समोरून पाहिलं की एलिव्हेशन, मधून कापलं की सेक्शन. कहकशांला हे फार आवडलं. कागदावरच्या घराला वजन नव्हतं. भिंत म्हणजे दोन रेषा, छत म्हणजे एक. आणि मुख्य म्हणजे बघणारा नेहमी बाहेर, सुरक्षित जागी. वरून बघ म्हणत, समोरून बघ म्हणत. आत आडवं पडून खालून बघ, असं कुणी म्हणत नव्हतं. रेषा मारायचा ड्राफ्टर बोर्डाला लावून तिनं शेकडो घरं काढली. आपलं तेवढं कधी काढलं नाही.

मग क्लासमध्ये कॉम्प्युटर आले. भूकंपाला तोवर पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली होती आणि लातुरात शाळा-कॉलेजांपेक्षा क्लासेसच्या पाट्या जास्त झाल्या होत्या. अभ्यासक्रम बदलला, निम्मं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायचं ठरलं. समोरच्या क्लासनं बोर्ड लावला, 'थ्री-डी मध्ये शिका'. सिद्धराम सरांनीही प्रोजेक्टर आणला आणि सॉफ्टवेअर शिकवायला वर्षाराणी नावाची मुलगी ठेवली. नायगावची, नांदेडला शिकलेली, बोलायला फटकळ, मनानं मोकळी.

पहिल्या दिवशी वर्ग खच्चून भरला होता. कहकशां नेहमीप्रमाणे दारापाशी. वर्षाराणीनं पडद्यावर एक साधं घर उभं केलं, भिंती, खांब, छत. "आता बघा," ती म्हणाली, "प्लॅन वेगळा, एलिव्हेशन वेगळं, असं डोकं शिणवायचं कामच नाही. घरच फिरवायचं." तिनं माउस ओढला. घर गर्रकन फिरलं. पोरांनी 'ओऽऽ' केलं. तिनं आणखी ओढला, घर कलंडलं, जमीन नाहीशी झाली आणि छताची खालची बाजू, खांब, तिरप्या तुळया, अख्ख्या भिंतीएवढ्या मोठ्या होऊन वर्गावर आल्या.

कहकशांच्या तोंडाला माती लागली. कान बंद झाले. पुढचं तिला कळलं तेव्हा ती रस्त्यावर उभी होती, एका पायात चप्पल, आणि तिच्या मागून जिन्यावरून पोरांचा लोंढा खाली येत होता.

झालं होतं असं, की मॅडम किंचाळून पळाल्या म्हटल्यावर दाराजवळची पोरं पळाली; ती पळाली म्हणून बाकीची उठली. कुणीतरी ओरडलं, "भूकंप!" लातुरात हा शब्द एकदा तोंडातून सुटला की माघारी घेता येत नाही. शेजारचा क्लास रिकामा झाला, त्याच्या शेजारचा झाला, मेसमधली पोरं खरकट्या हातानं बाहेर आली. जिन्यात अर्शी नावाची एक मुलगी पडली, तिचं मनगट मोडलं. जमीन मात्र तसूभरही हलली नव्हती.

संध्याकाळी सिद्धराम सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तिला दाराजवळची खुर्ची द्यायला विसरले नाहीत.

"मॅडम, पालकांचे सारखे फोन येऊन राहिलेत. आज मनगटावर भागलं."

"मला माहीत आहे, सर."

"तुम्हाला काढायचा माझा जीव होत न्हाई. पण आता हे फिरणारं ड्रॉइंग रोजच चालणार. तुम्ही रोज भ्यायलात तर पोरं काय करतील? सुट्टीत नांदेडला जा. वर्षाराणी शिकली तिथंच. शिकून या. न्हाई जमलं तर मग मला काहीतरी बघावं लागंल."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. नोकरीची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. इतकी वर्षं जे कागदाच्या पलीकडं ठेवलं होतं ते आता आपल्याच हातानं अलीकडं ओढायचं होतं.

ती गेली. चाकूर मागं पडलं, अहमदपूर गेलं. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत तिनं मनाशी ठरवून टाकलं, की जमलं नाही तर सरळ परत यायचं आणि शिलाई मशीन घ्यायचं. नांदेडला खालाकडं, अम्मीच्या बहिणीकडं, उतरली. वर्षाराणीही सुट्टीला आलेली. ती रोज येऊन शेजारी बसू लागली.

पहिले काही दिवस भयंकर गेले. मॉडेल फिरलं की कहकशांचे डोळे आपोआप मिटायचे. वर्षाराणी एकदा म्हणाली, "डोळे मिटून काय करून राहिल्या मॅडम? डोळे मिटून तर तुम्हाला जास्त दिसतं."

कहकशांला हसू आलं, आणि रडूही.

"खरं सांगते," वर्षाराणी म्हणाली, "मला कागदावर काही दिसतच नाही. तीन रेषा बघितल्या की मला तीनच रेषा दिसतात. फिरवलं तर घर दिसतं, नाहीतर नाही. तुम्हाला न फिरवताच दिसतं, म्हणून तुमची भीतीच वाटायची मला." मग तिनं माउस कहकशांच्या हाताखाली सरकवला. "दुसऱ्यानं फिरवलं की अंगावर येतं. तुम्ही फिरवा. थांबवणाऱ्याही तुम्हीच."

ते खरं निघालं. आपल्या हातानं घर कलतं, आपण थांबलो की थांबतं, हे एकदा बोटांना कळल्यावर डोळे थोडे थोडे उघडे राहू लागले.

शेवटचं काम म्हणून तिथल्या सरांनी सगळ्यांना सांगितलं, लहानपणीचं घर काढा. कहकशांला आयटीआयची इमारत काढता आली असती, खालाचं घर काढता आलं असतं. का कुणास ठाऊक, तिनं फोन उचलला.

"अब्बा, आपल्या गावच्या घराची मापं आठवतात?"

विचारून टाकल्यावर ती घाबरली. मग अब्बा बोलायला लागले आणि थांबेचनात. दार केवढं, चुलीची खोली कुठं, शेजारच्या तुळजाबाईंच्या घराची आणि आपली भिंत एक कशी, कुठलं लाकूड कुठून आणलं. तिनं मध्येच विचारलं, "वेल कोरलेला तो खांब?"

"तो दाराजवळचा."

"आणि आतले? माझ्या अंथरुणाजवळचा?"

"न्हाई बेटा. सागवान तेवढं एकच मिळालं होतं. म्हणून दर्शनी लावला, वेल काढला. आतले समदे बाभळीचे, साधे."

तिनं फोन ठेवला.

मग घर उभं केलं. खांब उभे केले, दाराजवळच्यावर वेलीची खूण केली. तुळई आठवणीप्रमाणे तिरपी पाडली. वर्षाराणीला तिनं उठू दिलं नाही, तिचा दंड धरून ठेवला. पडद्यावरची नजर अंथरुणाच्या जागी नेऊन वर बघितलं. माती, तुळया, बाभळीचा साधा खांब. वेल कुठंच नाही. नजर सरकवत दाराशी आणली. तिथं वेल आला, तोंडाच्या बरोबर वर. पण तुळई उलटी दिसत होती. तिनं नजर फिरवली, डोकं दाराकडं, पाय आत. आणि सगळं जागच्या जागी बसलं. वेल, तुळई, डोक्यामागून येणारा उजेड.

म्हणजे ती अंथरुणात नव्हतीच. उठून दाराकडं पळाली असणार आणि तिथं पडली असणार. माणूस असा उलटा पडला की डावं उजवं होतं आणि उजवं डावं. पोरांना ती हेच तर शिकवत आली होती.

तिनं नजर सावकाश डावीकडं वळवली. डाव्या हाताला चुलीची खोली नव्हती. डाव्या हाताला तुळजाबाईंची भिंत होती.

वर्षाराणी विचारत होती, काय झालं, पाणी आणू का. कहकशांला हायसं वाटायला हवं होतं. वाटली ती भीतीच, आणि नव्या तऱ्हेची. तिनं खांब जरा आत सरकवला, तुळई फिरवली, नजर पुन्हा निजायच्या जागी नेली. लगेच वेल अंथरुणावर आला आणि डावीकडं पुन्हा चूल. परत बाहेर सरकवला, परत तुळजाबाई. हे यंत्र बिचारं आपण काढू ते दाखवतं. आपल्याला हवं तेच आपण काढून घेतलं तर? कागदावर चुकलं तर खोडलेलं दिसतं तरी. इथं खोटंही खऱ्याइतकंच गुळगुळीत दिसत होतं.

खरं सांगू शकणारी दोनच माणसं होती.

लातूरला परतल्यावर अब्बा जेवून उठत होते तेव्हा तिनं विचारलं, "मला काढलं तेव्हा आधी काय दिसलं होतं?"

मुनीब मिस्त्रींनी हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. घरात ते मधूनमधून दखनीत बोलायचे.

"दरवाजे में से पैले तेरे बालां दिखे मेरे कू. मिट्टी में भरे हुए." दारातून आधी केस दिसले होते. डोकं दाराकडंच होतं. "मी म्हटलं गेली. मग तू खोकलीस."

"आणि अम्मी?"

"तिच्या अंगावर अख्खी भिंत होती, बेटा. पैल्या झटक्यातच. मी काढली ना तिला. दोन्ही हात दगडाखाली होते. हाक माराया पण वेळ मिळाला नसंल. तेवढंच बरं समजतो मी."

इतकी वर्षं न बोललेलं ते त्या दुपारी कहकशांनं बापाला सांगून टाकलं. ठक ठक, धूळ, आणि आपलं गप्प बसणं. मुनीब मिस्त्री ऐकत राहिले. मग उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चल. तुळजाबाई हाय अजून."

तुळजाबाई नाही म्हणाल्या तर? हो म्हणाल्या आणि वर म्हणाल्या, तू उत्तर का दिलं नाहीस, तर? औशाला बस बदलताना ती दोनदा म्हणाली, परत जाऊ. अब्बांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

नवं गाव जुन्यापासून लांब वसवलं होतं, सरळ रेषेत आखलेलं, एकसारख्या घरांचं. तुळजाबाईंचं घर चांगलं पक्कं होतं, पण त्या अंगणातल्या पत्र्याखाली बाजेवर बसलेल्या. आत निजायचं त्यांनी त्या पहाटेपासून सोडलं होतं. मुलगा अमृतराव खुर्च्या आणायला धावला. कहकशांनं त्यांच्या पायांशी बसून, कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"म्याच ठोकत हुते," तुळजाबाई लगेच म्हणाल्या, जणू काल घडल्यासारखं. "तांब्या व्हता हाताशी. त्येनं. पल्याड तू हायस हे मला म्हाईत व्हतं. लेकराला धीर यील म्हनून ठोकत हुते."

"मला वाटलं, माझी अम्मी."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. "येवढी वर्सं?"

कहकशांनं मान हलवली.

"तू थांबलीस तवा म्या लई भ्याले गं. म्हनलं, पोरगी गेली. तरीबी ठोकलं लई येळ. मंग हात चालंना."

"मी ठोकलं की वरून धूळ पडायची, मावशी. तुळई करकरायची. म्हणून..."

"मंग बरं केलंस," तुळजाबाई म्हणाल्या. "लई शानी." आणि तिच्या केसांवरून हात फिरवू लागल्या, जसा अकरा वर्षांच्या पोरीच्या फिरवतात तसा. कहकशां रडली. मुनीब मिस्त्री पत्र्याच्या खांबाकडं तोंड करून उभे राहिले आणि तो खांब नीट बसवलेला आहे की नाही ते बघत बसले.

यानं भीती गेली असं कुणी समजू नये. जड ट्रक गल्लीतून गेला की ती आजही बोलता बोलता थांबते. पण नोकरी राहिली. नव्या वर्षात सिद्धराम सरांनी वेळापत्रक तिच्यापुढं ठेवलं तेव्हा तिनं एकच अट घातली. आधी पोरं कागदावर काढतील, डोक्यात बघतील, मग कॉम्प्युटरवर फिरवून ताडून घेतील. उलटं चालणार नाही. पोरं कुरकुरली. "मॅडम, फिरवलं की दिसतंय ना, मग कागद कशाला?" ती म्हणाली, "तू चुकीचं काढलंस तरी ते फिरतंच. चुकलं हे कुठून कळणार?" काहींना पटलं, काही समोरच्या क्लासला गेली. वर्षाराणी मात्र रोज दुपारी तिच्याकडून कागदावरचं शिकत बसायची. पुढं तिला पुण्यात एका आर्किटेक्टकडं काम मिळालं; जाताना आपला माउस कहकशांला देऊन गेली.

एके दिवशी खालून दिसणाऱ्या छताचा धडा होता. मनगट मोडलेली अर्शी आता दुसऱ्या वर्षाला गेली होती, पण पहिल्या वर्षाचा हा विषय राहिल्यामुळं परत आली होती. तिनं विचारलं, "मॅडम, खालून बघताना डावं-उजवं कसं बदलतं? पडद्यावर कळतं, पण पटत नाही."

कहकशांनं बाक मागं सरकवायला लावले. सगळ्यांना जमिनीवर उताणं पडायला सांगितलं, निम्म्यांचं डोकं फळ्याकडं, निम्म्यांचं मागच्या भिंतीकडं. हसत-खिदळत पोरं पडली. "आता आपापला डावा हात वर करा." निम्मे हात खिडकीच्या बाजूला वर झाले, निम्मे दाराच्या. पोरांनी माना वळवून एकमेकांकडं बघितलं आणि वर्गात 'अरेच्चा' झालं.

"मॅडम, तुम्हीपण या ना," अर्शी म्हणाली.

ती दारातून आत आली. पोरांच्या मधोमध बसली. आडवं व्हायचं म्हणून हात मागं टेकवले, पण पाठ काही जमिनीला टेकेना. मग तिनं बसल्या बसल्याच मान वर केली आणि छताकडं बघितलं, पंख्याकडं, तुळईकडं, तुळई भिंतीत शिरते त्या जागेकडं. पोरं तिच्याभोवती पडून होती.

"चला," थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता उठा आणि जे दिसलं ते काढा."